तांबड्याच्या आधीचा चुना

माजं नाव शांतवन. बापाचं नाव सखाराम, आज्याचं म्हादबा, म्हंजी बगा आमच्या घरात देव बदलला पन नावं बदलायला येक पिढी गेली. गाव शेवगावच्या पलीकडं दोन कोसावर, त्याचं नाव तुमी लिवू नका, कारन ज्या घराचं मी सांगनार हाय त्या घरात आजून मानसं हायेत आन त्येंच्या तोंडाकडं मला रोज बगावं लागतं. आजीला पटकी झालती, तवा मिशनच्या दवाखान्यातल्या बाईनं तिला वाचवलं, म्हनून आज्यानं मिशनचं पानी घेतलं, म्हंजी बाप्तिस्मा घेतला, आन आमी किरिस्ताव झालो. पन गावाला त्याचं काय, गावानं आमाला आदी जितं ठेवलं हुतं तितंच ठेवलं, वेशीभायेर. देव वेगळा झाला, पानवठा काय वेगळा मिळाला न्हाई.

बापानं मला नगरला मिशनच्या कारखान्यात घातलं. तितं दावीद मिस्त्री म्हनून हुते, लई कडक मानूस, त्येंच्या हाताखाली मी रंगकाम शिकलो. कुंचला कसा धरायचा, केकताडाचा दांडा ठेचून त्याचा कुंचला कसा करायचा, चुना किती दिस भिजवायचा, समदं त्येंनीच शिकवलं. येकदा मी घाईघाईनं ओल्या चुन्यावर रंग फासला तर त्येंनी तो कुंचला माज्या हातातनं घेतला आन माज्याच तोंडाला लावला. म्हनाले, शांतवन, मानूस गेल्यावर त्याचं काम भिताडावर ऱ्हातंय, लाजंल असं काम करू नको. ते वाक्य मी लई जपलं. आता वाटतं, नसतं जपलं तर बरं झालं असतं.

गावाकडं आलो तर माज्याकडं आलं ते पट्टीचं काम. पट्टी म्हंजी काय, तर खिडकीच्या न् दाराच्या भवती भायेरनं विटा-चुन्याची चार बोटं उचललेली कड असती, पावसाचं पानी चौकटीत शिरू नये म्हनून. भितीला पांढरी माती नायतर चुना, आन पट्टीला रंग. माजं काम समदं भायेरचं. आतलं सारवन, आतला चुना घरच्या बाया करत्यात, मला उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाई. पाच-सा गावांतल्या खिडक्या मला भायेरनं पाठ हायेत, कुटं वीट फुटली, कुटं लोना म्हंजी खार लागला, झोपंत इचारा सांगतो, पन त्या खिडकीच्या आत चूल कुटं हाय न् पाळना कुटं टांगला हाय ते मला म्हाईत न्हाई. त्याचं मला कदी वाईटबी वाटलं न्हाई, खोटं कशाला बोलू. त्या येका दिवशी वाटलं.

आता आमच्या भागातली रीत सांगतो, ती नीट लिवून घ्या, कारन समदं त्याच्यावर हाय. दसऱ्याच्या आदी घरं रंगवत्यात आन पट्टीला तांबडं लावत्यात. ज्या घरात वरीसभरात मानूस गेलं असंल त्या घराला नुसता चुना, पट्टीसुदिक पांढरी ठेवायची. वरीस सरल्यावर मग तांबडं. म्हंजी वाटनं जानाऱ्याला इचारायची गरज पडत न्हाई, लांबनं पट्टी बगितली की कळतं, हितं दुक हाय, हितं हसत जायचं न्हाई. ही रीत मला ल्हानपनापासनं ठावी. कुनी म्हनंल शांतवनला म्हाईत नसंल, किरिस्ताव हाय, मिशनमधी वाढला, तर तसं न्हाई बाबा. म्हाईत हुतं. म्हाईत असून झालं.

तर केरूआबाचं घर. काळ्या दगडाचं जोतं, पूर्वेला तोंड, पुढं लिंबाचं झाड, सात खिडक्या न् येक मोठं दार. केरूआबा कमी बोलनारा, बोलला तर गुराशी. त्याची बायको भागाई त्याच्या वाटचं समदं बोलायची. येकच पोरगं, निवृत्ती. लढाई सुरू झाली तवा भरतीवाले शेवगावच्या बाजारात आले, त्येंनी छाती मोजली, हे पोरगं गेलं. लगीन हून सा म्हैने झालते. सून सरजा, पाथर्डीकडची, हसरी, तोंडाळ, सासूला हसवायची. निवृत्ती गेला तो आदी पुन्याकडं, मग बोटीत बसवून शिंगापूरकडं नेला म्हने. दोन पत्रं आली. मग पत्र यायचं थांबलं. मग आयकू आलं की शिंगापूर जपान्यानं घेतलं. गावात कुनाला शिंगापूर कुटं हाय ते म्हाईत न्हाई, पन जो तो केरूआबाच्या घराकडं बगून मान हालवायला लागला.

त्या सालच्या दसऱ्याच्या आदी भागाईनं सांगावा धाडला, शांतवन ये, पट्ट्या कर, दर सालासारखं. मी गेलो. बगतो तर पट्ट्यांना लोना लागून जुनं तांबडं पापुद्र्यानं सुटलेलं. मी म्हनालो, माय, ह्याच्यावर रंग बसनार न्हाई, समदं खरवडावं लागंल, खाली चुन्याचे दोन हात द्यावे लागतील, मग तांबडं. म्हनली, कर बाबा, निवृत्ती आला तर घर कसं दिसलं पायजे.

दोन दिस खरवडलं. सरजा खिडकीच्या आतनं मला चिडवायची. शांतवनबाबा, तुमी रंगवाया आलाय का घर पाडाया. मी म्हनायचो, बाई, जुनं काढल्याशिवाय नवं बसत न्हाई. ती म्हनायची, मग माज्या सासूलाबी जरा खरवडा. आन सासू आतनं आरडायची, आन दोगी हसायच्या. काय सांगू तुमाला, भायेर कामाला बसलेल्या मानसाला असं आतलं हसू आयकू आलं की ऊन लागत न्हाई.

तिसऱ्या दिवशी चुन्याचे दोन्ही हात झाले. साती खिडक्या न् दार पांढरंफेक. सरजा भायेर आली, पदर कपाळावर वडून घराकडं बगितलं, आन तिचं हसू गेलं. म्हनली, शांतवनबाबा, हे असं बगवत न्हाई हो. मी म्हनालो, हे अस्तर हाय बाई, ह्याच्यावर तांबडं येनार. म्हनली, कदी. मी म्हनालो, चार दिसांत. चुना वाळू दे, तवर मी रंग आनतो. ती म्हनली, घरात गेरू हाय, भिजवून देते, तेवढा येक हात फासून जावा ना, लोकं काय म्हनतील.

हितं माजी चूक झाली. हितंच. समदं म्होरचं सोडा, माजी चूक एवढीच हाय, पन ती माजीच हाय. गेरू फासायला मला आर्दा दिस लागला असता. पन ओल्या चुन्यावर गेरू म्हंजी डाग पडनार, मग त्याच्यावर हुरमुंजी, म्हंजी तेलातलं तांबडं, धरनार न्हाई, दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे येनार, आन लोक म्हननार शांतवनचं काम. मला दावीद मिस्त्रीचं वाक्य आठावलं. मी म्हनालो, न्हाई बाई, कच्चं काम मी करत न्हाई. आन वर सांगितलं, मी येस्तवर पट्टीला कुनी हात लावू नका, समदं नासंल. भागाईनंबी मान हालवली, म्हनली, सरजे, मिस्त्री म्हनतोय तर नको लावू.

शेवगावात रंग न्हाई. दुकानदार हसला, म्हनला, लढाई चाललीय, रंग-तेल समदं पलटनीला जातं, तुला कोन देनार. मग कोळशावरच्या मोटारीनं नगरला गेलो, ती मोटार चढाला थांबली की समद्यांनी उतरून ढकलायची. नगरात जागोजागी पोलीस, किल्ल्यात मोठे मोठे पुढारी कोंडलेले, मानूस मानसाशी बोलायला भ्यायचा. चार दुकानं हिंडलो. येक म्हनला, परवा ये. परवा गेलो तर म्हनला, उद्या ये. तेवढ्यात मला हिवताप भरला. केडगावात मावसभाऊ हाय, त्याच्याकडं जाऊन पडलो ते आठ दिस. अंगावर गोदड्या टाकल्या तरी दात वाजायचे. भाऊ सांगतो की मी तापात सारखा आरडायचो, चुना उघडा हाय, चुना उघडा हाय. पन ते तापातलं आरडनं, ते कोन ध्यानात घेतंय.

ताप उतरला तसा दावीद मिस्त्रीकडं गेलो. म्हातारे झालते, डोळ्याला दिसत न्हवतं. त्येंनी कोपऱ्यातनं आर्दा डबा हुरमुंजी काढून दिला, मिशनच्या बंगल्याच्या कामातला उरलेला. डबा फडक्यात बांदला आन निगालो. केरूआबाच्या घरनं गेल्यापासनं तो तेरावा दिस.

पांदीतनं वर आलो तर मला रडनं आयकू आलं. आदी वाटलं म्हातारा गेला. लिंबाखाली बैलगाडी सुटलेली, सरजाच्या म्हायेरची नव्हं, ती ठकूआत्याची, म्हंजी केरूआबाच्या भैनीची. काय झालं हुतं, तर बाजारात कुनीतरी तिला सांगितलं की तुज्या भावाच्या घराच्या पट्ट्या पांढऱ्या हायेत, तुला कळवलं न्हाई का. लढाईवर गेलेलं पोरगं, पत्र न्हाई, आन पट्ट्या पांढऱ्या. तिला आनिक काय सांगायला पायजे. ती चार बाया घिऊन गाडीतनंच आरडत आली. भागाई रानात. केरूआबा वट्यावर. सरजा आवाज आयकून दारात आली, तर आत्यानं तिला मिठी मारली आन म्हनली, माजे बाई, तुजं कुकू गेलं गं, आन उंबऱ्यावरच तिचे दोन्ही हात आपटले.

मी आंगनात उबा. हातात डबा. बांगड्या फुटलेल्या मी बगितल्या, हिरव्या. मी आरडलो, अवो आत्याबाई, ते अस्तर हाय, मी रंग आनलाय, हे बगा रंग आनलाय. बायांच्या रडन्यात माजा आवाज कुनाला जातोय. उंबऱ्यापासनं मी आट-धा पावलांवर हुतो. फुडं जाऊन त्या बाईचा हात धरायला पायजे हुता. पन उंबरा. दोन पिढ्या मला सांगितलंय, भायेर ऱ्हा, आन माज्या पायांनी तेवढंच आयकलं. तवा वाटलं, आतला असतो तर.

मी केरूआबाकडं बगितलं. म्हनालो, आबा, तुमी तरी सांगा. मालक येक सबूद बोलला असता तर आत्याचे हात थांबले असते, कपाळाचं कुकू तरी वाचलं असतं. आबा वट्यावर बसलेला तसाच बसला, जमिनीकडं बगत. मालकच बोलंना म्हटल्यावर बायांनी वळखलं की खरं हाय. पदरानं तिचं कपाळ पुसलं. पोरगी रडतबी न्हवती. ती माज्या हातातल्या डब्याकडं बगत हुती.

भागाई रानातनं पळत आली तवर समदं झालं हुतं. तिनं आत्याला शिव्या दिल्या, जिमिनीवर हात आपटले, म्हनली माजा निवृत्ती जित्ता हाय, कुनाला इचारून फोडल्या. मग माज्याकडं वळली, म्हनली, शांतवन, लाव तांबडं, आत्ताच्या आत्ता लाव. मी डबा उघडला. तवा आबा पयल्यांदा बोलला. म्हनला, नगं. ऱ्हाऊ दे पांढरं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला लिंबाखाली गाठलं. पटक्याच्या आतनं येक कागद काढला, घडीवर घडी घातलेला, घामानं मऊ झालेला. म्हनला, तू शिकलायस, वाच. इंग्रजी हुता, मला समदा काय लागला न्हाई, पन येवडं कळलं की मानूस सापडत न्हाई, बेपत्ता हाय. मेला असं लिवलेलं न्हवतं. आबा म्हनला, वैशाखातच आलाय, म्या कुनाला सांगितलं न्हाई, म्हातारीला कसं सांगू, पोरीला कसं सांगू. तू पट्ट्या पांढऱ्या ठिवून गेलास, चार दिस म्हनलास आन तेरा झाले, तवा मला वाटलं शांतवनला नगरात कळलं असंल, म्हनून त्यो मुद्दाम येत न्हाई. मला वाटलं, बरं झालं, माज्या तोंडानं सांगायला नगं.

बगा कसं हाय. त्याला वाटलं मला म्हाईत हाय, आन मला वाटलं त्यो माज्या रंगाची वाट बगतोय. दोगांनी मिळून त्या पोरीचं कपाळ पुसलं, आन दोगांच्या मनात तसं काय न्हवतं. मी म्हनालो, आबा, कागदात मेला म्हटलं न्हाई, परत बांगड्या भरा तिला. त्यो म्हनला, कोन भरनार. खरं हाय, कासार सुदिक भरनार न्हाई. येकदा गेलेलं कुकू आनायला नवराच यावा लागतो, दुसऱ्या कुनाच्या हातात ते न्हाई.

लढाई सरली. जपान्यानं धरलेली पोरं परत आली, येक शेवगावात आला, येक कोपरगावाकडं आला, वाळून काटकी झालेली. भागाई दर येकाकडं जाऊन आली, गाडी जुपून, पायी, कशीबी. कोपरगावाकडचा म्हनला, निवृत्ती नावाचा येक आमच्या छावनीत हुता, पन त्यो कोनता, नगरचा का साताऱ्याचा, ते आता आठवत न्हाई. येवड्यावर म्हातारी जगतीय. सरकारचा दुसरा कागद काय आला न्हाई. इचारलं तर म्हनत्यात तपास चालू हाय. गोरे गेले, आपलं राज्य आलं, तपास चालूच हाय.

सरजाला भाऊ न्यायला आले हुते, दुसरं घर बगू म्हनाले. ती गेली न्हाई. म्हनली, ते आले आन मी घरात नसले तर. भुंड्या हातानं ती त्या घरात राबतीय, सन असला की मागल्या दाराला जाती, सवाष्नींच्या म्होरं येत न्हाई. मला येकदाबी बोलली न्हाई की शांतवनबाबा, तुमी गेरू लावून गेला असता तर. येकदा तरी बोलावं, शिव्या द्याव्यात, मी आयकून घेतल्या असत्या.

वरीस सरल्यावर परत तांबडं लावायला मलाच बोलावलं. आबा म्हनला, वरीस झालं, लाव. भागाई म्हनली, पोरगं जित्तं हाय, लाव. दोगं दोन कारनांनी येकच रंग मागत्यात, आन मी कुनाला काय म्हनू. मी लावतो. आता मी आदी काय करतो तर चुन्याचा हात फिरवला की त्याच दिवशी वरनं गेरू फासतो, वला असू दे न्हाईतर वाळला. गेरूचा गोळा पिशवीतच असतो. रंग धरत न्हाई, डाग पडत्यात, पोपडे येत्यात. लोक म्हनत्यात शांतवनचं काम आता पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाई. मी म्हनतो व्हय, न्हाई ऱ्हायलं.

आता मागल्याच हप्त्यातलं सांगतो आन मग तुमी जावा, तुमाला लांब जायचंय. मी त्या घराच्या मागल्या खिडकीला गेरू लावत हुतो. सरजा आतनं आली. खिडकीच्या गजाला हात धरून म्हनली, शांतवनबाबा, आमच्या देवाला सासूनं लई नवस बोलले, आता येकदा तुमच्या देवाला इचारा, तुमच्या देवळात त्येंच्यासाठी मागनं घाला. सात वर्सांत तिनं माज्याकडं मागितलेली ती पयली गोष्ट. मी म्हनालो, घालतो बाई, ह्या रविवारी घालतो.

रविवारी देवळात गेलो. उपासना सरली, लोक भायेर पडले, मी मागंच गुडघे टेकून ऱ्हायलो. डोळे मिटले. देवा बापा, निवृत्तीला सुखरूप आन, असं म्हनायचं हुतं. आन काय सांगू तुमाला, तोंडातनं ते निगंनाच. पोटातनं वर आलं ते दुसरंच. देवा, त्यो गेलेला असू दे. आदीच गेलेला असू दे, माज्या चुन्याच्या आदी गेलेला असू दे. मला कळलं मी काय मागतोय, मी उठाया बगितलं, पन मी उठलो न्हाई, मी परत तेच मागितलं. कारन त्यो जित्ता असला, आन उद्या पांदीतनं वर आला, तर त्या पोरीची सात वर्सं मी खाल्ली. त्यो मेलेला असला तरच माजा चुना खरा. तिनं नवरा मागायचं माज्यावर सोपवलं, आन मी माज्यासाठी त्याचं मरान मागितलं.

सोमवारी ऱ्हायलेल्या दोन खिडक्यांची पट्टी करायला गेलो. ती गजाशी उबीच हुती. म्हनली, घातलं का. मी म्हनालो, घातलं. खोटं काय बोललो, मागनं तर घातलंच हुतं. तिनं आतनं मला हात जोडले. मला, वेशीभायेरच्या मानसाला. भुंडे हात. मी मान खाली घालून कुंचला चालवत ऱ्हायलो.

जावा आता, ऊन कललं. तुमच्या घरादाराला देव सुखी ठेवू दे, तुमच्या दाराची पट्टी कदी पांढरी न पडू दे. माज्यासाठीबी येखादं मागनं घाला, तुमाला जमलं तर. मला आता मागायला भ्या वाटतं.